चिलटांच्या मॅडम

आमच्या मागच्या खोलीत एक बाई आणि हजारो चिलटं राहत होती. गल्लीतल्या बायका मला ओट्यावर गाठून विचारायच्या, "अव, लोक घरातले चिलटं मारते, अन् तुह्या घरी बाटलीत पाळते काऊन?" मी म्हणायचे, "मी नाई पाळत. मॅडम पाळते." मग त्या हसायच्या आणि मीही हसायचे. बरीच वर्षं मला त्यात हसण्यासारखंच काही दिसत होतं.

सरोज मॅडम नांदुऱ्यात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे त्यांचं शास्त्र मला सांगता येणार नाही. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी जेवढं समजावलं तेवढं समजलं. त्यांना ओळखायला तेवढं पुरलं.

बाई उंच आणि हाडकुळी. साड्या सगळ्या धुऊन धुऊन एका रंगावर आलेल्या. हसू नाकातून यायचं, तोंड उघडायचंच नाही. आणि एक वाईट खोड होती. नवा माणूस भेटला की आधी त्याच्या डोळ्यांत पाहायच्या. काय बोलतोय ते नंतर, आधी बुबुळाचा रंग. चौकातल्या फळवाल्या रहीमभाईचा नातू घाऱ्या डोळ्यांचा होता. त्याला पाहून मॅडम रस्त्यात थांबल्या आणि विचारलं, "याच्या आईचे डोळे कसे आहेत?" रहीमभाई भला माणूस. म्हणाला, "मॅडम, घर आके देख लो. बाजार में बहू की आँखें नहीं बताते." तरी तो त्यांच्यासाठी पिचलेली केळी बाजूला काढून ठेवायचा. चिलटांसाठीच हवी असायची, म्हणून चांगली केळी मॅडम घेतच नसत.

खोली भाड्याने घेतानाच त्यांनी सांगितलं होतं, "वहिनी, माझ्यासोबत काही बाटल्या असतील." मला वाटलं लोणच्याच्या. सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा बंद असायची, म्हणून त्या बाटल्या घरी आणायच्या. पुढे कॉलेजने जिवंत चिलटं दाखवणंच बंद केलं, भिंतीवरचा तक्ता आला. तेव्हा बाटल्या कायमच्या माझ्या घरी आल्या. दर पंधरवड्याला जुन्या बाटलीतली चिलटं नव्या बाटलीत घालायची, नाहीतर आपल्याच घाणीत मरतात. हे काम त्यांनी कधी चुकवलं नाही. ताप असो, परीक्षा असो, घरात मयत असो.

चिलटांना खायला एक शिरा लागायचा. मक्याचा रवा, गूळ, चायना ग्रास, पावाचं खमीर, आणि बुरशी लागू नये म्हणून शेवटी कसल्याशा ॲसिडचे थेंब. त्यांच्या स्टोव्हवर मोठं पातेलं बसत नव्हतं, म्हणून तो माझ्या चुलीवर शिजायचा. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. एकदा पाळी संपवून भुकेले आले आणि झाकण काढून उभ्या उभ्या वाटीभर खाल्ला. तेवढ्यात मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, ॲसिड घालायच्या आधी खाल्लात की नंतर?"

"आधी-मंगचं मले काय मालूम? गूळ कमी हाये पण."

काही झालं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी बाटल्यांच्या तोंडाला बोळे करायला जिनातून पिशवीभर कापूस घेऊन आले. म्हणाले, "मी त्याइच्या ताटातलं खाल्लं, आता त्याइच्या दाराले कापूस द्या लागते." पुढे हे गेले तोपर्यंत कापूस येत राहिला.

नांदुऱ्याचा उन्हाळा ज्याने काढला त्याला सांगायला नको. मॅडमकडे एक कूलर होता. त्याचं तोंड बाटल्यांकडे. बाटल्या ओल्या वाळूच्या घमेल्यात, वर ओलं पोतं, आणि बाई भिंतीशी घामात. मी एकदा चिडून म्हटलं, "माणसाले हवा नाई अन् चिलटाले कूलर? असे काय सोन्याचे हाये ते?"

"जास्त तापले की नर वांझ होतात, वहिनी. वंश संपतो."

"संपू द्या ना मंग!"

त्यावर त्यांनी उठून पोत्यावर पाणी मारलं. तेवढ्यावर विषय संपला.

पहाटे उजाडता उजाडता त्या उठून बाटल्यांशी बसायच्या. रात्रीतून जन्मलेल्या माद्या नरांच्या नादी लागायच्या आत वेगळ्या काढायच्या, म्हणजे पुढे कोणाची पिलं कोणाची हे नक्की कळतं. चिलटं निजवायच्या ईथरचा वास माझ्या देवघरापर्यंत यायचा. त्यांनी हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे पोरगी वयात याच्या आधी घरात कोंडायची. आमच्या सासूबाईले हे कॉलेजात न जाता येत होतं." त्या दिवशी त्यांना नाकातून इतकं हसू आलं की कापसाचा बोळा हातातून पडला आणि बाटलीभर चिलटं माझ्या स्वयंपाकघरात सुटली. आठवडाभर वरणात सापडत होती.

एका दुपारी त्यांनी मला भिंग दिलं. पांढऱ्या कागदावर ईथरने निजवलेली चिलटं पसरली होती. पाहिलं तर एकेकीचा डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. मी आयुष्यभर चिलटं मारली, त्यांना डोळे असतात हे तेव्हा पाहिलं. मग त्यांनी ब्रशाच्या टोकाने एक नर पुढे सरकवला. त्याचे डोळे पांढरे होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे.

"याची आई लाल डोळ्यांची," मॅडम म्हणाल्या. "बापही लाल डोळ्यांचा."

"मंग हे पांढरं कोठून आलं?"

"आईकडून. तिच्यात लपलेलं होतं. तिला स्वतःला काही होत नाही. तिचे निम्मे मुलगे असे निघतात, निम्मे चांगले."

"अन् बापाचं काहीच नाई?"

"बाप मुलाला ही गोष्ट देतच नाही."

"अन् पोरी?"

"मुली सगळ्या लाल डोळ्यांच्या. पण त्यातल्या निम्म्या आईसारख्या. पांढरं पोटात लपवून असलेल्या. निम्म्या अगदी स्वच्छ."

मी कागदावरच्या माद्यांकडे पुन्हा पाहिलं. सगळ्या सारख्या. "यातल्या लपवलेल्या कोणत्या अन् साफ कोणत्या? वळखाच्या कशा?"

"पाहून नाही ओळखता येत. तिला मुलगे झाले की कळतं."

असं म्हणून त्यांनी कागद उचलला आणि चिलटं बाटलीत परत ढकलली. मला वाटलं, धडा संपला.

त्या काळी त्यांच्याकडे वानखडे सर म्हणून एक जण यायचे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. बुटके, गोरे, सायकलवर. रविवारी सकाळी दाराशी घंटी वाजायची. दुसरे लोक बाईसाठी गजरा आणतात, हा माणूस कुजकी केळी आणायचा. तीही निवडून, साल काळी पडलेली. दोघं ओट्यावर बसून बाटल्या बदलायचे. तो बोळे काढायचा, त्या चिलटं ओतायच्या. बोलणं फारसं नसायचं. पण तो आलेल्या दिवशी मॅडम केसांना तेल लावायच्या, हे मी पाहत होते. मी काही आंधळी नव्हते.

एका रविवारी तो आला आणि केळी न देताच परत गेला. केळ्यांची पिशवी सायकलला तशीच लटकत होती. मी आत गेले. मॅडम पहाटेच्याच जागी बसल्या होत्या.

"काय झालं वो मॅडम?"

"त्यांनी लग्नाचं विचारलं. मी नाही म्हटलं."

"काऊन? जातीचं हाये काय काही?"

"नाही."

"मंग तब्येत? पगार? माय खट हाये त्याची?"

"वहिनी, मला दोन भाऊ होते," त्या म्हणाल्या.

माहेर त्यांचं मेहकरकडे, हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यात. बाळू आणि दिनू. दोघं जन्मले तेव्हा चांगले. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत पळायचे. मग पळताना पडायला लागले. मग जिना चढवेना. जमिनीवरून उठताना आधी हात जमिनीवर टेकायचे, मग गुडघ्यावर, मग मांडीवर. स्वतःच्याच अंगावर हातांनी चढून उभे राहायचे. मॅडमनी मला उठून तसं करून दाखवलं. मग दोघं बसले ते बसलेच. वडील त्यांना खांद्यावर टाकून आश्रमाच्या उत्सवाला न्यायचे. पोरं मोठी झाली तशी एकेकाला न्यायचे, कारण दोघांचं वजन झेपेना. मिसरूड फुटता फुटता दोघं गेले, एकामागे एक. गावाने ठरवलं, आईचं मागच्या जन्मीचं पाप.

"मी अमरावतीला शिकत होते," मॅडम म्हणाल्या. "सरांनी फळ्यावर पांढऱ्या डोळ्यांच्या माशीचं चित्र काढलं. आई लाल, बाप लाल, मुलगे पांढरे. मला फळ्यावर आमचं घर दिसलं. धावत गावी गेले. आईला सांगितलं, पाप नाही, शाप नाही, हे असं असतं. तुझ्या रक्तातून येतं, पण तुझा दोष नाही. आई म्हणाली, म्हणजे लोक बरोबर म्हणत होते. माह्याच्यामुळंच मेले."

आई त्यानंतर फार जगली नाही. मॅडमनी पुन्हा कोणाला हे शास्त्र घरात सांगितलं नाही. धाकट्या बहिणीला, पुष्पाला, सुद्धा नाही. वडिलांनी पुष्पाचं लग्न लवकर करून टाकलं आणि मॅडम गप्प राहिल्या.

मी म्हटलं, "पण मॅडम, निम्म्या साफ असते म्हणता ना तुमी? तुमी साफ असाल तं?"

"आणि नसले तर? ओळखायचं कसं? मुलगे होऊ द्यायचे, आणि ते पडतात का पाहायचं?" त्यांनी रिकामी बाटली उजेडात धरली. "चिलटांचं करून पाहता येतं, वहिनी. माणसांचं नाही."

वानखडे सरांना त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. तो वर्षभर वाट पाहून अमरावतीला बदली घेऊन गेला. तिकडे लग्न झालं, मुलं झाली. केळी पुन्हा रहीमभाईकडून यायला लागली.

पुष्पा दरवर्षी शेगावला दर्शनाला जाताना आमच्याकडे उतरायची. बहिणीसारखी अबोल नाही, घरात पाय टाकताच तिचं बोलणं सुरू व्हायचं. तिला पहिली मुलगी झाली, रेणू. मग मुलगा, गोलू. गोलू पाचेक वर्षांचा असेल. अंगणात भोवरा फिरवत बसला होता. आई आणि मावशी ओट्यावर, मी तांदूळ निवडत. पुष्पाने हाक मारली, "चाल रे गोलू, गाडीचा टाइम झाला." पोराने भोवरा खिशात घातला. हात जमिनीवर टेकले. मग गुडघ्यावर. मग मांडीवर. आणि उभा राहिला.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चहाचा कप वाकडा झाला होता आणि चहा पदरावर सांडत होता. त्यांना कळतच नव्हतं.

"काय झालं ताई?" पुष्पा म्हणाली. "अव, भाजलं तुले!"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "गोलू, जा बाळा. गाडी चुकेल."

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. गोलूचं तेच झालं जे मामांचं झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासून रोगाचं नाव सांगितलं, रक्तात नेमका बिघाड कुठे आहे तेही काढलं. औषध नव्हतं. चाकाची खुर्ची आली. पोरगं हुशार होतं, मोबाइलवर बुद्धिबळ खेळायचं आणि मावशीला हरवायचं. ते गेलं तेव्हा रेणू कॉलेज संपवून घरी बसली होती. पुष्पाने बहिणीला एकच गोष्ट विचारली, "ताई, तुले मालूम होतं?" मॅडमनी मान हलवून हो म्हटलं. दोघी बहिणी वर्षभर बोलल्या नाहीत.

मध्ये रेणू होती म्हणून पुन्हा बोलायला लागल्या. रेणू वेगळ्या मातीची. तोंडाळ, हसरी, हट्टी. चिखलीकडच्या विशाल नावाच्या पोराशी तिचं जमलं होतं. तो कृषी केंद्र चालवायचा. ते तिने घरी सांगितलं आणि सरळ मावशीकडे नांदुऱ्याला आली. मॅडम तेव्हा रिटायर झालेल्या. मी चुलीशी, आणि पातेल्यात चिलटांचा शिरा.

मॅडम म्हणाल्या, "लग्न करू नको."

"काऊन?"

"तुला माहीत आहे. तुझ्या आईत ते आहे. तुझ्यात असण्याची शक्यता अर्धी."

"अन् नसण्याची?"

"तीही अर्धी."

"मंग तू वाईटच अर्धी काऊन धरतं?"

"कारण मी गोलूला उठताना पाहिलंय. मामांना पाहिलंय. माझ्यासारखी राहा, रेणू. काही बिघडत नाही."

रेणू हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "तुह्यासारखी म्हणजे? चिलटं पाळत? त्याइच्यासाठी शिरा शिजवत?"

मी शिरा ढवळत राहिले. मध्ये बोलायचं काम नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "आता तपासणी निघाली आहे. गोलूचं रक्त आधी तपासलंय, त्यामुळे काय शोधायचं ते त्यांना माहीत आहे. तू रक्त दे. मग ठरव."

"देतो. पण तू बी दे."

"माझं काय काम? माझं वय झालं."

"मी एकटी नाई देत. तू मले सांगून राह्यली लग्न करू नोको, तुह्यासारखी राहा. तुह्यात हाये का नाई ते तरी तुले मालूम हाये काय? तू देशील तं मी देतो. नाई तं मी तशीच लग्न करतो, जे व्हाचं ते होवो."

आणि ती निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

मॅडमनी बरेच दिवस काढले. आज पाय दुखतो, उद्या पंधरवडा आहे, बाटल्या बदलायच्या. शेवटी मी एक दिवस भांडी घासता घासता म्हटलं, "द्या ना रक्त. पोरीचं लग्न अडलं. सुई टोचाले घाबरता कायले?"

त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्यात आहे असं निघालं तर मला काही नाही. आयुष्यभर तेच धरून चालले आहे." घासलेली एक वाटी त्यांनी उचलून पालथी ठेवली. "नाही निघालं तर?"

मी भांडी घासली.

दोघी एकाच गाडीने नागपूरला जाऊन रक्त देऊन आल्या. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं तेव्हाही एकत्रच गेल्या. परत आल्या त्या दुपारी. पुष्पा सकाळपासून माझ्याकडे येऊन बसली होती, हातात जपमाळ. फाटक वाजलं आणि रेणू आधी आत आली. चेहऱ्यावरून काही कळेना. ती आईजवळ खाली बसली.

"माह्यात हाये, आई," ती म्हणाली.

पुष्पाने कपाळावर हात मारला. रेणूने तो हात धरला. "थांब. डॉक्टरनं सांगतलं, आता पोटातच तपासता येते, पोराले हाये का नाई. मी विशालले रेल्वेतूनच फोन करून सगळं सांगतलं. लपवत बी नाई अन् थांबत बी नाई. त्याले पटलं तं लग्न, नाई तं नाई."

"अन् ताईचं?" पुष्पाने विचारलं.

रेणूने मागे पाहिलं. मॅडम फाटकात उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"मावशीत नाई," रेणू म्हणाली. "मावशी साफ हाये. सुटली मावशी."

पुष्पा रडत होती, त्यातच हसली. म्हणाली, "देवा! एक तरी सुटलं आमच्या घरातलं." माझी सून आतून साखरेची वाटी घेऊन आली आणि मॅडमच्या तळहातावर चिमूट ठेवली. "अभिनंदन मॅडम," ती म्हणाली. शेजारची सुमन कुंपणावरून विचारत होती काय झालं, तिलाही कोणीतरी सांगितलं. तीही म्हणाली, "बरं झालं बाई, बरं झालं." सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. मॅडम तळहात तसाच पुढे धरून उभ्या होत्या. साखर तोंडात घालायची असते हे त्या विसरल्या होत्या. मुंग्या लागतील म्हणून मीच त्यांचा हात झटकला आणि त्यांना खोलीत नेलं.

आत जाऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, वानखडे सरांना मुलं किती?"

"तीन आयकलं होतं मी."

"मुलगे?"

"दोन मुलगे. एक पोरगी."

त्यांनी मान हलवली, जशी वर्गात हजेरी घेताना हलवत असतील.

त्या पंधरवड्याला मी शिरा शिजवून ठेवला. त्या आल्या नाहीत. मी हाक मारली तर म्हणाल्या, "राहू द्या." पातेल्यातलं मी गाईला घातलं. बाटल्यांत आधी अळ्या वर चढल्या, मग चिलटं दाटली, मग खाली गळायला लागली. लाल डोळ्यांची आणि पांढऱ्या डोळ्यांची, सगळी एका चिखलात. महिन्याभरात बाटल्या गप्प झाल्या. मी त्या राखेने घासून, उकळत्या पाण्याने धुतल्या. काचा चांगल्या आहेत. एकीत आता माझी हळद आहे, एकीत जिरं.

विशालने चार दिवस घेतले आणि हो म्हटलं. त्याची आई नाराज होती, पण लग्नाला उभी राहिली. मंगलाष्टकाच्या आधी भटजींनी हाक दिली, "मुलीचे मामा, या." मामा दोन्ही मिसरूड फुटता फुटताच गेलेले. कोणी तरी चुलतभाऊ पुढे सरकायला लागला, तर रेणू पाटावरूनच म्हणाली, "माही मावशी येते." बायकांत कुजबुज झाली. मॅडम कोणत्याही लग्नात मांडवाजवळ जात नसत, जेवणाच्या बाजूला बसायच्या. त्या उठल्या, गेल्या आणि रेणूच्या मागे उभ्या राहिल्या. शेवटी मामाचा मान म्हणून वराकडच्यांनी आणलेली पांढरी टोपी कोणाच्या डोक्यावर घालायची हे कोणाला कळेना, म्हणून त्यांच्या हातात दिली. जेवण होईपर्यंत ती टोपी त्यांच्या मांडीवर होती.

नंतर त्या खोली सोडून पुष्पाकडे राहायला गेल्या, हिवरा आश्रमाकडे. पुष्पाचा नवरा गेला होता, दोघी बहिणीच राहिल्या. मी मधून मधून फोन करायचे. बोलणं दोन मिनिटांचं. "कशा हाये मॅडम?" "ठीक."

रेणूला मुलगा झाला. पोटात असतानाच तपासलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला काही नाही. पोरगा तीन-साडेतीन वर्षांचा झाल्यावर रेणू त्याला घेऊन माहेरी आली आहे असं कळलं. मला मेहकरला एका लग्नाला जायचंच होतं, तर वाट वाकडी करून मी त्यांच्याकडे उतरले. ती शेवटची भेट.

मॅडम अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. समोर रेणूचा अंशू मातीत खेळण्यातला ट्रॅक्टर फिरवत बसला होता. मी आले, बसले, पाणी प्यायले, पुष्पाने नाव घेऊन सांगितलं कोण आलंय ते. मॅडमनी "या वहिनी" म्हटलं, पण पुढे वाकून बसलेल्या, तशाच वाकून राहिल्या. बाटलीत पाहताना जशा वाकायच्या तशाच.

अंशूने ट्रॅक्टर टाकला आणि उठला. हात टेकला नाही, काही नाही. एका झटक्यात उठला आणि फाटकाकडे पळाला.

"अंशू, इकडे ये," मॅडम म्हणाल्या.

पोरगं आलं.

"बस."

ते बसलं.

"आता उठ."

ते उठलं, टणकन.

"शाब्बास. पुन्हा बस."

रेणू दारातून पिठाच्या हाताने म्हणाली, "मावशी, किती वेळा? सकाळपासून हेच करून राह्यली. डॉक्टरनं सांगतलं ना, काही नाई त्याले."

"हो. सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. नजर पोराच्या गुडघ्यांवर होती.

पोराला तो खेळ वाटत होता. ते हसत हसत खाली बसलं. माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली, म्हटलं, "येते मॅडम." त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पोरगं उठत होतं.